जिलबीचा इटरेटर

डिंगऱ्यांच्या मंगल कार्यालयात वाढायला माणसं मिळेनाशी झाली, तेव्हापासून तिथे इटरेटर वाढतात.

ही सोय मकरंद शेवडेने करून दिली. मकरंद पुण्याची नोकरी सोडून गावी परत आला होता आणि घराच्या माडीवर बसून परदेशातल्या लोकांचे प्रोग्रॅम लिहायचा. डिंगऱ्यांनी त्याला एकदा भर बाजारात गाठलं. "अहो शेवडे, तुमच्या त्या कॉम्प्युटरात ओळीने एकेकापाशी जाईल असं कोणी असतं का?"

"असतं की. इटरेटर म्हणतात त्याला."

"भात वाढेल?"

"सांगितलं तर वाढेल."

डिंगऱ्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. मकरंदने एक साचा लिहिला. साचा एकच, पण त्यातून हवे तितके वाढपी काढता येत. ते सगळे मध्यम उंचीचे, पांढरं धोतर नेसलेले, कमरेला पंचा गुंडाळलेले असत, आणि त्यांचा चेहरा आपल्याच कुठल्यातरी लांबच्या नातेवाइकासारखा दिसे. भाताचा वेगळा, वरणाचा वेगळा, भाजीचा वेगळा. पंगत म्हणजे त्यांच्या लेखी अ‍ॅरे: पानं एकदा मांडली की त्यांचा क्रम ठरला. आपण कुठल्या पानाशी आहोत हे प्रत्येकाने आपापलं लक्षात ठेवायचं, वाढायचं, "पुढे पान आहे" म्हणायचं आणि पुढे सरकायचं. शेवटचं पान झालं की "पुढे पान नाही" असं म्हणून ते हातातलं पातेलं खाली ठेवत आणि नाहीसे होत. पातेलं तेवढं घासावं लागे. तोंड वाकडं करत नाहीत, विडी ओढायला मागच्या दारी जात नाहीत, ओळखीच्यांना जास्त वाढत नाहीत, म्हणून गावाला ते पसंत पडले.

जिलबीचा इटरेटर मात्र निराळा होता. जिलबी एकदा वाढून भागत नाही. तिचा आग्रह करावा लागतो, आणि आग्रह करायचा तर वाढप्याला पुन्हा ओळीच्या सुरुवातीला जाता आलं पाहिजे. त्यामुळे मकरंदने जिलबीवाल्याला एक जास्तीची गोष्ट शिकवली. "पहिल्यापासून" असं म्हटलं की तो होता ती जागा विसरायचा आणि थेट पहिल्या पानाशी जाऊन उभा राहायचा. चूक झाली ती इथे. हा शब्द कोणी म्हणायचा याचं मकरंदने काहीच बंधन घातलं नाही. त्याच्या डोळ्यांसमोर तो स्वतःच होता, आणि स्वतःवर त्याचा विश्वास होता.

मग गार्गीचं लग्न निघालं. गार्गी मकरंदची मामेबहीण, नानामामांची एकुलती एक मुलगी. नानामामांचं पाहुण्यांच्या आग्रहात नाव होतं. त्यांच्या घरून कोणी नुसता चहा पिऊन गेलं असं कधी झालं नव्हतं.

अक्षता पडल्या आणि दुपारी पंगत बसली. वरपक्ष ओळीच्या सुरुवातीला, मग मानाप्रमाणे उतरत उतरत वधूपक्ष, आणि अगदी शेवटच्या पानावर, हात धुवायच्या जागेजवळ, मकरंद. तो नेहमी तिथेच बसत असे. यंत्राचं काही बिनसलं तर हाताशी असावा, असं तो सांगे. खरं म्हणजे आयुष्यभर त्याच्या वाट्याला शेवटचं पानच आलं होतं आणि आता दुसरीकडे बसलं तर त्याला जेवण गेलं नसतं. चाळिशी जवळ आली होती. त्याच्यासाठी स्थळं बघणारे नातेवाईक हळूहळू त्याच्यासाठी चांगला डॉक्टर सुचवू लागले होते.

त्याच्या आधीच्या पानावर एक बाई बसल्या होत्या. राखाडी रेशमी साडी, केसांत दोन-चार पांढऱ्या बटा, आणि पानातल्या चटणीकडे बघण्याची चिकित्सक नजर. त्या मृदुला केतकर, मिरजेच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायच्या. गार्गी त्यांची विद्यार्थिनी. संध्याकाळच्या गाडीने त्यांना मिरजेला परतायचं होतं, असं त्यांनी बसताबसताच सगळ्यांना सांगून टाकलं.

श्लोक झाला. भात, वरण, तूप, भाज्या, सगळे इटरेटर आले, शेवटपर्यंत गेले आणि नाहीसे झाले. मागून जिलबीवाला निघाला. तो मृदुलाबाईंच्या अलीकडे चार-पाच पानांवर आला असेल नसेल, तोच ओळीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या नानामामांना नवऱ्या मुलाच्या काकांचं पान रिकामं दिसलं. त्यांच्या काळजात चर्र झालं.

"अहो, पहिल्यापासून फिरा एकदा!" ते ओरडले. "आग्रह करा! सावकाश होऊ द्या मंडळी!"

जिलबीवाला वळला आणि पहिल्या पानाशी गेला.

नवऱ्या मुलाच्या काकांनी पानावर हात आडवा धरला. नानामामांनी तो संकोच समजून बाजूला सारला. जिलबीवाला पुन्हा पान पान करत खाली येऊ लागला, आणि तो शेवटाजवळ पोचेपर्यंत वरच्या मंडळींनी आपलं पान संपवलेलं होतं, कारण पानात टाकायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. रिकामं पान बघून नानामामांच्या काळजात पुन्हा चर्र झालं.

असं ते सुरू झालं. शेवटच्या पानाला जिलबी पोचली नव्हती म्हणून जेवण पुरं झालं नव्हतं, आणि पुरं झालं नव्हतं म्हणून पंगत उठू शकत नव्हती. एकाने उठायचं नाही, सगळ्यांनी मिळून उठायचं, हा नियम वरपक्षालाही मान्य होता आणि वधूपक्षालाही. तेवढ्या एका मुद्द्यावर दोन्हीकडचं एकमत झालं याचं सगळ्यांना समाधान वाटलं.

संध्याकाळची गाडी गेली. मृदुलाबाईंनी घड्याळ बघितलं आणि मनगट पदराखाली घेतलं.

"हा रिसेट होतोय," त्या म्हणाल्या. मकरंदशी बोललेलं त्यांचं हे पहिलं सबंध वाक्य.

"हो. मीच लिहिलाय."

"ती मेथड पब्लिक ठेवलीत? कोणीही म्हणावं अशी?"

मकरंदचे कान लाल झाले. "लक्षात नाही आलं तेव्हा."

"पब्लिक म्हणजे लग्नघरातसुद्धा पब्लिकच," मृदुलाबाई म्हणाल्या आणि हसल्या. त्या हसल्यावर मकरंदला वाटलं, चूक झाली ती काही अगदीच वाईट झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंगतीला चहा आला. चहाचा इटरेटर साधा, एकदाच जाणारा होता, म्हणून तो सगळ्यांना नीट मिळाला. मंडळी आता रुळली होती. निकडीच्या कामाला उठायची मुभा होती. पाटावर रुमाल टाकायचा, उजवा हात वर धरून जायचं आणि तसंच परत यायचं. हात धुतला की जेवण आटोपलं असं धरलं जाई. गावातला न्हावी येऊन मानाप्रमाणे दाढ्या करून गेला. पतपेढीचे मॅनेजर मधल्या पानावर अडकले होते. लोक पायरीवर चपला काढून त्यांच्यापुढे बसत, आणि ते डाव्या हाताने सह्या करत. पोस्टमनने दोन दिवस पत्रं घरोघर नेऊन परत आणली आणि मग तो सरळ पंगतीतच वाटू लागला. नगरपालिकेचा एक कारकून आला. ही मंडळी कार्यालयात जेवत आहेत की राहत आहेत, असं त्याने डिंगऱ्यांना विचारलं. डिंगरे म्हणाले, "जेवतायत. पुढचं पान झालं की उठतील." कारकुनाने थोडा वेळ जिलबीवाल्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि तो निघून गेला.

ओळीच्या शेवटाला ताज्या जिलबीचा नुसता वास येई. पण मकरंदला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. इतकी वर्षं माडीवर बसून त्याने जे कोणाला सांगितलं नव्हतं, ते तो एका पाटावर बसून सांगत होता. पुण्यात असताना त्याने दोन वर्षं खपून एक प्रोग्रॅम लिहिला आणि तो कोणीच वापरला नाही. आई गेल्यावर स्वयंपाकघरात रेडिओ लावून ठेवायची सवय लागली. मृदुलाबाई ऐकत. मध्येच विचारत, "कुठलं स्टेशन?" आणि त्याने सांगितलं की "हं" म्हणत. त्यांनीही पुष्कळ सांगितलं. कॉलेजची मुलं परीक्षेत इटरेटरची व्याख्या घडाघडा लिहितात, पण तो कुठवर आलाय हे विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. वडिलांचं दुखणं लांबलं, तेव्हा स्थळं येत होती. ते बरे झाले, तेव्हा यायची थांबली होती.

"जमलं नाही, आणि मग जमवायचं राहून गेलं," त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती.

"माझंही तसंच," मकरंद म्हणाला. जन्मात पहिल्यांदाच हे बोलताना त्याला लाज वाटली नाही.

हे बोलणं झालं त्याच दुपारी डिंगरे मकरंदच्या माडीवरून लॅपटॉप उचलून घेऊन आले आणि त्यांनी तो त्याच्या पानाशेजारी ठेवला.

"अहो शेवडे, हे तुम्हीच केलंय ना? मग निस्तरा आता. आचाऱ्याचे हात दुखायला लागलेत. पुढच्या मुहूर्ताचे लोक फोनवर फोन करतायत."

"चालू असलेल्या इटरेटरला मध्येच बदलता येत नाही," मकरंदने सांगितलं. "तो एकदा घडला तो घडला."

"मग दुसरा घडवा."

"येईल घडवता. दुसरा असेल तर त्याची जागा तो स्वतः लक्षात ठेवेल. एकाच ओळीत दोघे फिरले तरी एकमेकांच्या पायात येणार नाहीत."

"छान. किती वेळ लागेल?"

काम पाच मिनिटांचं होतं. जुना साचा घ्यायचा, त्याच्यावरून नवा काढायचा, त्यात "पहिल्यापासून" तेवढं बंद करायचं. मकरंदने शेजारी पाहिलं. मृदुलाबाई द्रोणातली आमटी एका बाजूने तिरकी करून शेवटचा घोट घेत होत्या. नवा जिलबीवाला निघाला की तो सरळ येणार, शेवटच्या पानाला वाढणार, पंगत उठणार, आणि मिरजेची गाडी मिळणार. 

"बघावं लागेल," तो म्हणाला.

संगणकाच्या धंद्यात हे उत्तर चालतं. डिंगरे हात टेकून गेले.

उजवा हात खरकटा असल्याने मकरंद डाव्या हाताने टाइप करी. एक ओळ लिहायची, विचारात पडल्यासारखं करायचं, ती खोडायची. मृदुलाबाईंची नजर अधूनमधून पडद्याकडे जात असे. त्या काही बोलत नसत. एकदा त्यांनी त्याच्या पानाखालून घरंगळलेला लिंबाचा तुकडा उचलून पुन्हा पानात ठेवला, तेवढंच. डिंगरे सकाळ-संध्याकाळ येत. मकरंद "बघतोय" म्हणे. जिलबीवाला वरून खाली येई, नानामामा ओरडत, तो वर जाई. मकरंद इतका सुखात होता की रात्री पाटावर बसल्या बसल्या झोप लागली तरी सकाळी त्याची मान दुखत नसे.

मग गार्गी आली. गळ्यातले हार सुकले होते, पण शालूचा पदर नीट खोचलेला होता. पंगत उठल्याशिवाय वरात निघणार नव्हती, म्हणून ती आणि तिचा नवरा सजवलेल्या गाडीत बसून होते. शेवंतीच्या माळा गाडीवरच वाळल्या होत्या. ती ओळीच्या कडेकडेने चालत मकरंदपाशी येऊन उकिडवी बसली.

"मकरंददादा, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचार की."

"अजून किती दिवस लागतील रे? तिकडे सासूबाई, पंगतीआधीच पुढे गेल्या त्या, उंबऱ्यावर माप ठेवून बसल्यायत. काल त्यांनी फोन केला. म्हणाल्या, तांदळात चिमण्या यायला लागल्या. आम्ही दोघं काही भांडत-बिंडत नाही हं. गाडीत छान चाललंय आमचं. पण मला माझं घर बघायचंय रे. मी अजून पाहिलंच नाहीये."

ती मृदुलाबाईंकडे बघून ओशाळं हसली, "मॅडम, तुमचाही खोळंबा केला मी," म्हणाली आणि परत गाडीत जाऊन बसली.

मकरंदला स्वतःची चीड आली. आपलं चार शब्दांचं सुख लांबवायला आपण एका नव्या नवरीला फुलांच्या गाडीत वाळवत ठेवलं, हे त्याला आत कुठेतरी टोचलं आणि टोचतच राहिलं. त्याने लॅपटॉप पुढे ओढला आणि पाच मिनिटांचं काम पाच मिनिटांत केलं. नव्या साच्याने जुन्याचं सगळं घेतलं, चेहरा, धोतर, पंचा, वाढायची पद्धत. मागे फिरण्याची खोड तेवढी घेतली नाही. मकरंदने शेजारी न बघता शेवटचं बटण दाबलं.

मुदपाकखान्याच्या दारातून दुसरा जिलबीवाला बाहेर पडला. पहिला तेव्हा मधल्या पानांवर होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

नवा पतपेढीच्या मॅनेजरांच्या पुढे गेला, तेव्हा नानामामांनी सवयीने हाक घातली, "अहो, पहिल्यापासून!" जुना निमूट वळला. नवा थांबला आणि अदबीने म्हणाला, "ते मला येत नाही."

नानामामा बघतच राहिले. त्यांचा आग्रह कोणी मोडला नव्हता असं नाही, पण वाढणाऱ्याने मोडल्याची ही पहिलीच वेळ. पण त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला. ते मागे सरकून खुर्चीवर बसले आणि त्यांनी पाय लांब केले. लग्न ठरल्यापासून ते बसले नव्हते.

"पुढे पान आहे," म्हणत नवा खाली आला. मृदुलाबाईंच्या पानात त्याने दोन जिलब्या ठेवल्या. "पुढे पान आहे." मकरंदच्या पानात दोन ठेवल्या. भिंतीकडे पाहिलं. "पुढे पान नाही," असं म्हणून त्याने परात खाली ठेवली आणि तो नाहीसा झाला.

पंगत उठली. गुडघे वाजले, पाट सरकले, नळावर रांग लागली. बायकांनी एकमेकींच्या पाठी चोळून दिल्या. वरपक्षाने जेवण उत्तम झाल्याचं सांगितलं आणि खरोखर तसं वाटत असल्याचंही सांगितलं. बाहेर सनई लागली, गाडी सुरू झाली, आणि गार्गीचा हात खिडकीतून बराच वेळ हलताना दिसला. नानामामा रडले आणि लगेच मागच्या गाडीच्या ड्रायव्हरला पेढे घेण्याचा आग्रह करू लागले.

मांडवात आता रिकामी पानं होती, आणि त्यांच्या शेवटाला दोन माणसं. मकरंदने जिलबी खाल्ली. इतके दिवस वास घेतलेल्या मानाने ती ठीक होती.

"तुमची गाडी चुकेल," तो म्हणाला.

"गाड्या काय, असतात," मृदुलाबाई म्हणाल्या. त्यांनी हात धुतलेला नव्हता. "ते पाच मिनिटांचं काम होतं."

मकरंदने मान खाली घातली. "हो."

"लॅपटॉप आला त्याच दिवशी मी बघितलं पडद्यावर. माझी दुसऱ्या वर्षाची मुलं करतात ते."

"मग डिंगऱ्यांना सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही केलं का नाहीत?"

मकरंदने पानाच्या शिरेवरून बोट फिरवलं. आयुष्यात त्याने अनेक गोष्टी "बघावं लागेल" म्हणत टाळल्या होत्या. ही टाळावीशी वाटली नाही.

"तुम्ही गेला असता म्हणून," तो म्हणाला. "मला ते नको होतं."

 मृदुलाबाईंचा चेहरा एकदम तरुण दिसला.

तेवढ्यात वरच्या बाजूने आवाज आला, "पुढे पान आहे." जुना जिलबीवाला होता. त्याला कोणी थांबवलं नव्हतं, आणि ओळ त्याच्या लेखी जशीच्या तशी होती. नवऱ्या मुलाच्या काकांच्या रिकाम्या पानात त्याने दोन जिलब्या ठेवल्या, पुढच्यात दोन, त्याच्या पुढच्यात दोन. आता अडवायला नानामामा नव्हते. तो पान पान करत, तीच अदब राखत खाली येत राहिला. मकरंद त्याच्याकडे बघत होता. हा इथवर पोचणार, आपल्याला वाढणार, पुढे पान नाही म्हणून जाणार, आणि मग या पाटावर बसून राहायला काहीच कारण उरणार नाही. कारण नसताना बसून राहायची त्याला सवय नव्हती.

जिलबीवाला मृदुलाबाईंपाशी आला. दोन जिलब्या ठेवल्या. "पुढे पान आहे," म्हणाला आणि त्याने मकरंदच्या दिशेने पाऊल उचललं.

"पहिल्यापासून," मृदुला म्हणाली.

जिलबीवाला वळला आणि रिकाम्या पानांच्या कडेने पहिल्या पानाकडे निघाला. दारात उभ्या असलेल्या डिंगऱ्यांनी ते पाहिलं, आत वळून आचाऱ्याला आणखी एक घाणा टाकायला सांगितला आणि त्या दोघांच्या डोक्यावरचा पंखा लावला.